शिवेवरची खुंटी

माय गेली तेव्हा मी आश्रमशाळेत सातवीला होते. तिला थंडीतापानं धरलं होतं आणि आमचं गाव व दवाखाना असलेलं मुलचेरा यांच्यामधला नाला पुरानं दोन्ही काठ सोडून वाहत होता. बा आणि काका तिला खाटेवर घालून नाल्यापर्यंत घेऊन गेले आणि तिथेच बसून राहिले. पाणी उतरलं तेव्हा पलीकडे नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. खाट तशीच उचलून ते मागे फिरले. मला शाळेतून आणलं, तेव्हा घराच्या छपरातून पाणी गळत होतं आणि बा त्या पाण्याखाली एक एक भांडं मांडत होता. रडत नव्हता. भांडं भरलं की उचलायचा, बाहेर रिकामं करायचा, परत आणून ठेवायचा.

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. धानाचं एक पीक, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपान, आणि हे सगळं संपलं की रोजगाराच्या मागे रानातून रानात. पण आमच्या घराला गावात मान होता, कारण बा भुमक होता. भुमक म्हणजे आमच्या गोंडांच्या गावचा पुजारी. आमचा देव पेन. त्याला मूर्ती नाही, देऊळ नाही. साजाच्या एका जुन्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. बाने हो म्हटल्याशिवाय गावात कोणी धान पेरत नव्हतं, नवा मोह कोणी तोंडात घालत नव्हतं. अशा माणसाच्या बायकोसाठी देवाला एक नाला थोडा वेळ थांबवता आला नाही, हे मी विसरू शकले नाही. बाला कधी विचारलं नाही. पण ठाण्यापुढे डोकं टेकवताना माझं डोकंच तेवढं टेकत होतं.

मी शिकले. वसतिगृहात राहून, चंद्रपूरच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झाले. आमच्या घराण्यात आणि आमच्या गावातही कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. आज मी एका आश्रमशाळेत शिकवते. पदवीचा कागद घेऊन घरी आले, त्या दिवशी बाने तो दोन्ही हातांनी धरला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "चांगला हाये. आता इथी हात ठेव." त्याने माझा तळवा आपल्या पोटावर, बेंबीच्या जरा वर ठेवला. "पाह्य. बसला हाये."

हाताखाली ठोका लागत होता. कोंबडीचं पिल्लू ओंजळीत धरल्यावर लागतो तसा, पण त्याहून मोठा आणि संथ. बा म्हणाला, की हे वर्षभरापासून आहे. सगळ्या गावाला माहीत होतं. भुमकाच्या पोटात पेन येऊन बसला, असं लोक बोलायचे आणि सणासुदीला म्हातारी माणसं येऊन त्याच्या पोटावर हात ठेवून जायची. मी म्हटलं, "बा, एखाद्या डॉक्टरले दाखवू ना."

"देवाले डाक्टर कायले दाखवू? डाक्टरच पाया पडंन त्याच्या."

तो हसला, मीही हसले. बाच्या अंगात त्रास असा काही दिसत नव्हता. बिडी ओढायचा, झाडावर चढायचा, दिवसभर रान तुडवायचा. वर्षं गेली. तो ठोका आमच्या घरातलाच एक माणूस झाला होता.

आता गावबांधणीबद्दल सांगायला पाहिजे, कारण जे घडलं ते त्या दिवशी घडलं. आखाडीच्या सुमाराला, रोवणीच्या धांदलीत, आमच्याकडे एक दिवस गाव बांधतात. सकाळी भुमक गडीमाणसांना घेऊन शिवेवर जातो आणि गावात येणाऱ्या प्रत्येक वाटेवर बिब्याच्या लाकडाची एक खुंटी ठोकतो. ठोकली की ती वाट बंद. संध्याकाळी ठाण्यापुढे दिवा लागेपर्यंत आतला माणूस बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. त्या दिवशी चूल पेटत नाही, कुऱ्हाड-विळा हाती घ्यायचा नाही, अंगाला तेल लावायचं नाही. गडीमाणसं उपाशी असतात. बाईमाणसानं शिवेकडे फिरकायचंसुद्धा नाही. रोगराई बाहेर राहावी म्हणून हे सगळं. आणखी एक नियम असा, की खुंटी ठोकताना बाहेरून कोणी समोर आलाच, तर त्याने पुढेही यायचं नाही आणि मागेही फिरायचं नाही. भुमक मोकळं करेपर्यंत जिथे आहे तिथेच थांबायचं. आसपासच्या गावांना हे ठाऊक आहे, म्हणून त्या दिवशी सहसा कोणी आमच्या वाटेला येत नाही.

मी सुट्टी घेऊन घरी आले होते. बा सकाळी आंघोळ करून निघाला तेव्हा कमरेवर हात ठेवून जरा थांबला. मी विचारलं तर म्हणाला, "रातपासून पाठ भरून आली. ओझ्याची असन." आणि गेला. लांबून ढोल ऐकू येत होता. एका वाटेवरून दुसऱ्या वाटेवर तो सरकत गेला. मग मुलचेऱ्याच्या वाटेवर आला आणि तिथेच वाजत राहिला. सगळ्या बाया दारात बसल्या होत्या. कोणी म्हणालं, "आज भुमकाच्या अंगात आलं वाट्टे." ढोल पुढे सरकेना तेव्हा मी अंगणात आले. तेवढ्यात काका येताना दिसला. काका म्हणजे बाचा सख्खा धाकटा भाऊ, त्याचा उजवा हात. तो चालत नव्हता, पळत होता.

"बाई, हळद टाकून पाणी दे वो. भाऊच्या अंगात आलं. लय येळ झाला, उतरूनच नाई राह्यलं."

"काय बोलून राह्यला बा?"

"काई नाई बोलत. कन्हते. पाठ फाटून राह्यली म्हणते." काकानं माझ्या हातातल्या लोट्याला हात घातला. "आज तेल चालत असतं तं म्या त्याची बेंबी चोळून देल्ली असती. मले वाट्टे ते सरकली. पण आज तेल कुठी लावता येते?"

मी लोट्याची दुसरी बाजू सोडली नाही. लहानपणापासून मी बाच्या अंगात येताना पाहिलं होतं. अंगात आलं की तो फक्त गोंडीत बोलतो, ते बोलणं गावाचं असतं, पावसाचं, धानाचं, गुरांचं. आपल्याबद्दल तो तेव्हा एक शब्द बोलत नाही.

"काका," मी म्हटलं, "देवाची पाठ दुखते का?"

त्याच्या तोंडाचा रंग उतरत गेला. मी लोटा सोडला आणि शिवेकडे निघाले. मागून दोघी-तिघींनी हाका मारल्या, पण मी थांबले नाही.

मुलचेऱ्याच्या वाटेवर खुंटी ठोकून झाली होती. तिच्या अलीकडे बा एका कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी. भोवती गावची सगळी गडीमाणसं हात जोडून उभी. धूप पेटवलेला होता. कोणी त्याला शिवलं नव्हतं, कारण देव अंगात असलेल्या माणसाला तो उतरेपर्यंत हात लावत नाहीत. मला पाहून एकजण म्हणाला, "अगे पोट्टे, इथी कायले आली? मांगं जाय." मी बाजवळ बसले. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं, कपाळावरून घाम वाहत होता आणि अंग गार पडलं होतं.

"बा, तू हायेस का देव हाये?"

त्याने डोळे उघडले. "मीच हाओ बाई. कमरेत काईतरी फाटलं."

ढोल वाजवणाऱ्यानं ऐकलं. त्याचा हात थांबला.

खुंटीच्या पलीकडे एक पांढरी पिकअप गाडी उभी होती. मुलचेऱ्याच्या बाजूच्या बंगाली गावांतून मासळी घेऊन फिरणाऱ्या गाड्या आमच्या भागात नेहमीच्या आहेत. हा माणूस नवा होता, त्याला बांधणीचा दिवस माहीत नव्हता. ऐन खुंटी ठोकतानाच तो समोर आला. आमच्या लोकांनी हात वर करून त्याला थांबवलं, आणि नियमाप्रमाणे तो थांबला. बर्फाच्या पेट्यांतून पाणी टपकत होतं आणि तो गाडीच्या सावलीत मुरमुरे खात बसला होता. आता तो उभा राहिला.

"दिदी, गाड़ी है," तो म्हणाला. "हम अंदर नहीं आएगा। तुम लोग बाबा को बाहर लाओ।"

एकजण शाळेमागच्या टेकाडावर पळत जाऊन, जिथे थोडंफार टॉवर मिळतं तिथून, दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावून आला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. समोर ही एकच गाडी होती. मधे फक्त एक खुंटी होती, माझ्या ढोपरापर्यंतही न येणारी.

काका खुंटीजवळ उभा होता. "गाव बांधलं हाये बाई. दिवा लागेस्तोवर सोडता येत नाई. आजवर कोणं सोडलं नाई."

"मंग वरून उचलून नेऊ."

"वरून मढं नेतात," एक म्हातारा हळूच म्हणाला. बांधलेल्या शिवेवरून फक्त मेलेलं माणूस नेतात, हे मलाही माहीत होतं. जित्या माणसाला तसं नेलं तर गावाच्या लेखी तो मेलाच. मी काही बोलणार होते. मला खूप बोलता येतं, शिकलेली आहे. पण त्या माणसांच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा दिसलं, की त्यांना बाच्या जिवाची जेवढी भीती होती तेवढीच आपापल्या लेकरांचीही होती. एका वर्षी बांधणी चुकली होती आणि त्या पावसाळ्यात गावात हगवणीनं पोरं गेली होती, असं आम्ही सगळेच ऐकत मोठे झालो. मी बाजवळच बसून राहिले. मायच्या खाटेजवळ बा नाल्याच्या काठी कसा बसला असेल, ते मला पहिल्यांदा कळलं.

बानेच हात पुढे केला. "ज्यानं ठोकली त्याच्याच हातानं निघते ते. धर माह्या हाताले."

मी म्हटलं, "मी? बाईमाणूस?"

"धर म्हणतो ना. माह्यात जोर नाई उरला."

मी आणि काकानं त्याला जमिनीवरूनच थोडं पुढे सरकवलं. त्याने खुंटीला हात घातला, माझा हात त्याच्या हातावर. बा ठाण्याकडे पाहत होता. साजाचं झाड तिथून दिसतं. तो मोठ्यानं बोलला नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

"गाव तुहं हाये. इतके वरीस मी बांधत होतो. आता तू पाह्य."

आणि खुंटी निघाली. पावसानं माती सैल होती, जोर फार लागला नाही. खुंटीच्या जागी उरलेल्या भोकात लगेच पाणी भरलं.

मासेवाल्यानं पेट्या एका बाजूला रचून जागा केली होती. त्याने स्वतःची चादर अंथरली. मी मागे बाचं डोकं मांडीवर घेऊन बसले, काका पायांशी. गावची काळीपिवळी जीप, जी एरवी त्या वेळेला भाडं घेऊन आष्टीच्या रस्त्यावर असते, ती बांधणीमुळे घरीच होती. शेतावर जाणारे, जंगलात जाणारे, कामावर जाणारे सगळेच गडी घरी होते. ज्यांना मावलं ते तिच्यात बसले आणि आमच्या मागे निघाले. कोणी कोणाला सांगितलं नाही.

वाटेभर बर्फाचं पाणी माझ्या लुगड्याखालून वाहत होतं आणि मासळीचा वास. नाल्यावरून गाडी गेली तेव्हा मी डोळे मिटले. पाणी होतं, पण चाकाखालीच राहिलं. मुलचेऱ्याच्या लहान दवाखान्यात न थांबता गाडी सरळ चंद्रपूरकडे घेतली. आष्टीच्या पुलाखाली वैनगंगा गढूळ, फुगलेली. आदल्याच आठवड्यात पाणी पुलावर चढून वाट बंद होती. त्या दिवशी पूल उघडा होता. मी प्रार्थना केली का, असं मला पुढे एकदा कोणी विचारलं. नाही केली. काय मागायचं तेच सुचत नव्हतं. बाने जे शिवेवर म्हटलं होतं, तेवढंच मनात घोळत होतं: आता तू पाह्य. गोंडपिपरी मागे गेली, चंद्रपूर आलं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी बाच्या पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला. "आता पोटाला कोणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. मशीन लावून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदयापासून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली येणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी पोटात फुगत फुगत आली होती आणि आता फुटली आहे. ऑपरेशन इथे होत नाही, नागपूरलाच न्यावं लागेल. एकजण सलाइन जोरात सोडायला लागला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं. दाब एकदम वाढला तर जे आत धरून आहे तेही सुटेल, असं त्या म्हणाल्या. "जेवढं धरून आहे, तेवढं धरून राहू द्या." नागपूरला फोन त्यांनी स्वतः केला. तिकडचे लोक तयार होईपर्यंत आमच्यासाठी गाडीही बघितली. तोपर्यंत मासेवाला दाराशी उभाच होता. मी त्याला नाव विचारलं नाही, आभार मानले नाहीत. तेवढं भान नव्हतं. त्याने बाच्या पायाला हात लावला आणि गर्दीत निघून गेला.

नागपूरला पोचलो तेव्हा ते लोक दारातच उभे होते. सर्जननं मला दोन वाक्यांत सांगितलं, की पोट उघडून फुटलेल्या जागेच्या वर नस चिमट्यानं बंद करायची, फुगलेला भाग उघडून त्यात कापडाची नळी शिवायची. टेबलावरच जीव जाऊ शकतो आणि थांबलो तर नक्कीच जातो. सही करा. मी पूर्ण नावानं सही केली. आमच्या घरात अंगठ्याच्या जागी सही करणारी मी पहिली, आणि ही सही मला सगळ्यात जड गेली.

मग रक्त लागलं, भरपूर लागलं. काळीपिवळीतून नागपूरपर्यंत मागे आलेले सगळे रांगेत उभे राहिले. रक्तपेढीतल्या माणसानं पहिल्यालाच विचारलं, काही खाल्लं का. नाही, उपास आहे. दुसऱ्याचाही उपास. तिसऱ्याचाही.

"अरे, सगळ्या गावाचा उपास आहे का?" तो म्हणाला. "उपाशी माणसाचं रक्त मी कसं घेऊ? आधी खाऊन या."

कोणी हलेना. दिवा लागायच्या आधी खायचं नाही, आणि आज तर दिवा लावणारा भुमकच आत टेबलावर होता. सगळे काकाकडे पाहायला लागले. काकानं समोरच्या पुड्यातलं बिस्कीट उचललं, बराच वेळ हातात धरलं.

"भाऊनं गाव सोडलं," तो म्हणाला. "मंग उपासही सुटला." आणि खाल्लं. मग म्हणाला, "खा रे. भुमकाचं पुण्य लागन." कोणीतरी पुटपुटलं, "पुण्याचं बिस्कीट मऊ पडलं हाये लेका." त्या दिवशी सकाळपासून मी पहिल्यांदा कोणाला हसताना पाहिलं.

उजाडताना सर्जन बाहेर आला. त्याचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, नळी बसली, पायांकडे रक्त चाललं आहे, आता किडनीनं साथ दिली पाहिजे. मी पुढचं काही विचारण्याआधी त्यानेच विचारलं, "दुखायला लागल्यावर पोट कोणी चोळलं होतं का? तेल लावून वगैरे?"

मी नाही म्हटलं. त्या दिवशी आमच्याकडे अंगाला तेल लावत नाहीत.

"बरं झालं," तो म्हणाला. "रक्त पाठीमागच्या पडद्यात साकळून थांबलं होतं. तिथे दाब पडला असता तर तुम्ही चंद्रपूरलाही पोचला नसता. असे बरेच पोचत नाहीत."

काका माझ्या शेजारी उभा होता. त्याने आपल्या दोन्ही हातांच्या तळव्यांकडे पाहिलं आणि हात पाठीमागे घेतले.

पुढचे दिवस वाईट होते. किडनी रुसली, मशीनवर रक्त शुद्ध करावं लागलं, छातीत कफ भरला, बा कुणालाच ओळखेना. मी आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून राहायची. डोकं टेकवायला ठाणं नव्हतं, साज नव्हता. भिंतीला टेकवायची. आणि आश्चर्य असं, की लहानपणापासून जे फक्त डोकं टेकत होतं, ते त्या भिंतीला सगळंच टेकलं. मागणं काही नव्हतं. तू पाह्य, एवढंच.

घशातली नळी काढल्यावर बा ज्या दिवशी नीट जागा झाला, त्या दिवशी मला आत सोडलं. त्याचा हात चादरीखालून हळूहळू पोटावर गेला. पट्टीवर थांबला. चाचपला. पुन्हा थांबला. मग माझ्याकडे पाहून घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गेला?"

मला कळलं तो काय विचारत होता. मी खोटं बोलू शकले असते. पण बाने मला शिकवलं होतं ते खरं सांगण्यासाठी. मी त्याला सांगितलं, की तो ठोका नसेचा होता. नस फुगली होती, ती फुटली, आता तिथे कापडाची नळी आहे. पोटात देव नव्हता बा.

तो छताकडे पाहत राहिला. मला वाटलं मी चूक केली. ज्याच्यावर तो इतकी वर्षं जगला ते मी त्याच्याकडून अशा दिवशी काढून घेतलं. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, कानाकडे गेलं. मी पदरानं पुसलं. मग तो म्हणाला, "पोटात नव्हता, तं बाहीर असन."

मी त्याची चादर सारखी केली.

"नाई तं मले इथी कोणं आणलं?" त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "मासे इकून राह्यला असन."

मासेवाला नंतर आमच्या गावी आला. बा घरी आल्याचं त्याला बाजारात कोणाकडून तरी कळलं होतं. अंगणात उकिडवा बसून म्हणाला, की त्या दिवशीची मासळी चंद्रपूरच्या बाजारातच उठली. बाने त्याला सगळं खोदून खोदून विचारलं, कुठून आला, त्या वाटेला का वळला. तो म्हणाला, रस्ता चुकलो बाबा, दुसऱ्या गावाला जायचं होतं. बाने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मीही विचारत नाही. जी बांधणी बाचा जीव घेणार होती, तिनेच ती गाडी शिवेवर धरून ठेवली, काकाचे तेलाचे हात अडवले आणि रक्त देणारी माणसं घरी ठेवली. यातलं काय देवाचं आणि काय योगायोगाचं, हे ठरवायला मी बसले तर माझी बी.ए.ची पदवी पुरणार नाही. मला एवढंच कळतं, की ते सगळं हाताशी असूनही बाने खुंटी उपटली नसती तर उपयोग नव्हता. आपल्याच हातानं घट्ट ठोकलेलं आपल्याच हातानं सोडणं, आणि सोडताना पुढचं काहीच माहीत नसणं, शरण जाण्याचा याहून दुसरा अर्थ मला अजून सापडलेला नाही. त्या चंद्रपूरच्या डॉक्टरबाईंचे, रात्रभर उभं राहून शिवणाऱ्या त्या हातांचे, उपास मोडून रक्त देणाऱ्या माझ्या गावाचे पाय मी मनातल्या मनात रोज धरते. नाल्याचा राग मात्र गेला. माय परत आली नाही, पण राग गेला.

त्या पावसाळ्यात गावावर रोगराई आली नाही. आली असती तर लोक काय म्हणाले असते, हे मला माहीत आहे, आणि बालाही होतं. पुढच्या आखाडीच्या आधी गाव ठाण्यापुढे बसलं. बाला आता जड उचलता येत नाही, खुंटी ठोकायचा घण काकाच्या हातात गेला आहे. पण बोलला बाच. म्हणाला, "मुलचेऱ्याची खुटी ठोकायची नाई. टेकवून ठेवायची. काळीपिवळी शिवेवर उभी राह्यन. आजारी माणूस निघाला का बाजूले करायची, मंग परत टेकवायची." एका म्हाताऱ्यानं विचारलं, पेनाला चालेल का. बा म्हणाला, "त्याले इचारूनच सांगून राह्यलो." कोणी हरकत घेतली नाही.

बा जिवंत आहे. बिडी सोडली आहे, सकाळ-संध्याकाळ ठाण्यापर्यंत चालत जातो. गाव दर वर्षी बांधलं जातं आणि मुलचेऱ्याच्या वाटेवरची खुंटी तेव्हापासून कोणी ठोकलेली नाही. गेल्या बांधणीच्या दिवशी एका बाळंतिणीला त्या वाटेनं नेलं. मायलेकरं दोघंही घरी परत आली.